ब्रेकला पुन्हा पुन्हा ऑइल येतं तेव्हा: जुन्या बी-२७५ची मागची बाजू

वरुडजवळ आमची संत्र्याची बाग आहे आणि त्या बागेत वडिलांनी १९७६ साली घेतलेला बी-२७५ ट्रॅक्टर अजून चालतो. नांगरटीसारखी जड कामं आता दुसऱ्या ट्रॅक्टरकडे गेली. हा फक्त बागेचा. फवारणीचा पंप न्यायचा, दोन ओळींमधून हलकं वखर फिरवायचं, तोडणीच्या दिवसांत कॅरेट धुऱ्यावरून रस्त्यापर्यंत आणायचे. कामं हलकी असली तरी बागेत ब्रेकला उसंत नसते. ओळ संपली की एका बाजूचा ब्रेक दाबूनच वळावं लागतं, आणि तो लागला नाही तर पुढचं चाक सरळ झाडाच्या आळ्यात जातं.

आमचा उजवा ब्रेक चार वर्षांत तीनदा गेला. लक्षणं दर वेळी तीच. आधी उजवीकडचं वळण मोठं घ्यावं लागायचं. मग दोन्ही पेडल जोडून दाबले की ट्रॅक्टर डावीकडे ओढायचा, कारण डावा ब्रेक धरायचा आणि उजवा घसरायचा. शेवटी ब्रेक हौसिंगच्या, म्हणजे ब्रेकच्या लोखंडी घराच्या, खालच्या सांध्यातून ऑइलचा काळा ओघळ दिसायला लागायचा. उघडलं की लायनर, म्हणजे घासून ब्रेक धरणारं अस्तर, चिंब.

पहिल्या वेळी नवे लायनर बसवले, आठ महिने टिकले. दुसऱ्या वेळी लायनर आणि सील दोन्ही बदलले, पाच महिने. तिसऱ्या वेळी शाफ्ट लेथवर घासून घेतला, नवं सील, नवे लायनर. एक तोडणी निघाली आणि पुन्हा ओघळ. खर्च दर वेळी वाढत गेला आणि टिकाऊपणा घटत गेला. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, अशातला प्रकार चालला होता. चौथ्यांदा उघडण्याआधी मी आठ दिवस नुसतं तपासलं, तेव्हा कुठे मूळ दुखणं हाती लागलं. ज्यांच्याकडे असा ट्रॅक्टर आहे आणि ज्यांचा एकच ब्रेक सारखा ऑइल पितो, त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहितोय.

आधी रचना समजून घ्या

बी-२७५ हा मूळचा इंटरनॅशनल हार्वेस्टरचा. इंग्लंडमध्ये तयार झालेलं हे मॉडेल पुढे कांदिवलीच्या कारखान्यात बनू लागलं. चार सिलिंडरचं डिझेल इंजिन, हाय-लो धरून आठ पुढचे आणि दोन मागचे गिअर. ब्रेक मात्र त्या काळच्या बऱ्याच ट्रॅक्टरांसारखे ड्रमचे नाहीत, डिस्कचे आहेत, आणि तेही कोरडे. म्हणजे त्यांच्यापर्यंत ऑइलचा एक थेंबही पोचता कामा नये.

डिफरन्शियलमधून, म्हणजे मागच्या दोन चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरमधून, दोन्ही बाजूंना शाफ्ट निघतात आणि त्यांच्या बाहेरच्या टोकांवर ब्रेक बसतात. प्रत्येक बाजूला दोन लायनर प्लेटा शाफ्टच्या स्प्लाइनवर, म्हणजे लांबट दातांवर, बसून शाफ्टबरोबर फिरतात. त्या दोघींच्या मधे न फिरणारी एक जोडी असते: दोन लोखंडी चकत्या, त्यांच्या आतल्या बाजूला उतरते खळगे, आणि खळग्यांत पोलादी गोळ्या. पेडल दाबलं की सळई या दोन चकत्यांना एकमेकींच्या उलट थोडंसं फिरवते. गोळ्या खळग्याच्या उतारावर चढतात, चकत्या एकमेकींपासून दूर सरकतात आणि लायनर प्लेटांना हौसिंगवर दाबतात. पाय उचलला की स्प्रिंगा चकत्यांना पुन्हा जवळ ओढतात. रचना साधी आहे आणि उत्तम आहे. फिरणारी प्लेट चकतीला आपल्यासोबत ओढते, त्यामुळे पायाचा जोर कमी लागतो.

ब्रेकच्या आतल्या अंगाला, हाताच्या अंतरावर, डिफरन्शियलचं ऑइल. मधे फक्त एक रबरी ओठाचं सील.

ऑइल कुठलं आहे?

ओघळ दिसला म्हणून लगेच पाने काढू नका. पांढऱ्या कागदावर तो ओघळ टिपून घ्या. गिअर ऑइल दाट असतं आणि त्याला गंधकासारखा उग्र वास येतो. इंजिनचं ऑइल काळं, पातळ आणि जळकट. चहासारखा दुधट रंग असेल तर ऑइलमध्ये पाणी गेलंय. आमच्या कागदावर किंचित दुधट, पण वासावरून नक्की गिअर ऑइल. पाणी आलं कुठून, हा प्रश्न तेव्हाच पडायला हवा होता. तिन्ही वेळा ऑइल पुसून टाकलं आणि तो पुरावाही त्याबरोबर गेला.

मग लेव्हल. ट्रॅक्टर सपाट जागेवर रात्रभर उभा ठेवा आणि सकाळी थंड असताना पाहा. उतारावर उभ्या ट्रॅक्टरची लेव्हल कधीच खरी नसते. आमच्याकडे लेव्हल खुणेच्या चांगली वर होती, कारण "थोडं जास्त असलेलं बरं" म्हणून दर वेळी ओतलं जायचं. जास्तीचं ऑइल बरं नसतं. ते फिरत्या गिअरने घुसळलं जातं, तापतं, फेसाळतं आणि सीलवर चढून बसतं.

ब्रिदर: शंभर रुपयांचंही काम नाही

मागच्या हौसिंगला श्वास घ्यायला एक छोटं तोंड असतं, त्याला ब्रिदर म्हणतात. ट्रॅक्टर तासभर चालला की आतली हवा तापून फुगते आणि तिथून बाहेर जाते. ते तोंड बुजलं तर हवेला दुसरी वाट उरते ती सीलच्या ओठाखालून, आणि जाताना ती ऑइल घेऊन जाते. रात्री गार झालं की उलट घडतं. आत पोकळी होते आणि ट्रॅक्टर धुतलेला असेल, पावसात उभा असेल, तर जिथे फट मिळेल तिथून पाणी ओढलं जातं. दुधट रंगाचं उत्तर हे.

तपासणी अगदी सोपी आहे. तासभर काम झाल्यावर ऑइल भरायचा बूच हळूच सैल करा. फुस्स आवाज आला तर ब्रिदर बंद आहे. आमच्याकडे एवढ्या जोरात आला की मी दचकलो. ब्रिदर काढून पाहिलं तर काळी माती आणि फवाऱ्याचा पांढरा थर मिळून दगडासारखा गोळा झालेला. डिझेलमध्ये रात्रभर बुडवला, तारेने मोकळा केला, पुन्हा बसवला. तीन वेळा ब्रेक उघडणाऱ्यांपैकी कुणीच, माझ्यासकट, तिकडे पाहिलं नव्हतं.

पण ब्रिदर बुजलेला असेल तर दोन्ही बाजूंची सीलं गळायला हवीत. डावं कोरडं ठणठणीत होतं. उजव्यात आणखी काही होतं हे नक्की.

ब्रेक चिकटतोय का?

पुढच्या चाकांना दोन्हीकडून ओंडके लावा, मागचा भाग उचलून हौसिंगखाली घट्ट लाकडी ठोकळे द्या, गिअर न्यूट्रलला ठेवा. जॅकच्या भरवशावर खाली शिरू नका. जॅक फक्त उचलण्यासाठी असतो. आता एकेक चाक हाताने फिरवा. आमचं डावं सहज फिरलं. उजव्याला अंग लावावं लागलं, आणि पेडलला तर कुणाचा पायही नव्हता. म्हणजे उजवा ब्रेक कधी सुटतच नव्हता.

ही खूण चालू कामातही मिळते. बागेच्या दोन-चार ओळी झाल्या की दोन्ही ब्रेक हौसिंगवर पाण्याचे थेंब टाका. डावीकडे थेंब ओघळून जातो. उजवीकडे चर्र आवाज येऊन वाफ होते.

इथे सगळं कोडं उलगडलं. साध्या नायट्राइल रबराचं सील साधारण १०० अंश सेल्सिअसपर्यंत टिकतं, त्यावर सतत राहिलं की ओठ कडक होतो आणि त्याला चिरा जातात. ब्रेक चिकटला की हौसिंग तापतं, सील भाजून निघतं आणि गळतं. ऑइल लायनरवर येतं, ब्रेक घसरतो. मग आपण काय करतो? सळईचा नट आवळून ब्रेक आणखी टाइट करतो. तो आणखी चिकटतो, आणखी तापतो. सील ऑइल सोडतं ही तक्रार खरी, पण सीलला भाजणारा ब्रेकच होता, आणि तो टाइट करणारा हात माझा.

उघडल्यावर

उजवं चाक आणि मडगार्ड काढलं की हात चालवायला जागा होते. प्लेटा बाहेर काढताना कॉम्प्रेसरची हवा मारू नका. जुन्या काळच्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असायचा आणि ती बारीक धूळ फुप्फुसात जाऊन बसते. नाकाला चांगला मास्क लावा, ओल्या कापडाने पुसा आणि ते कापड पिशवीत बांधून टाका. वडिलांच्या काळात सगळे फुंकर मारून साफ करायचे. ती सवय आपण मोडायलाच हवी.

ऑइल प्यायलेल्या लायनरवर पेट्रोल ओतून ते पेटवून द्यायची रीत गावोगाव आहे. एक-दोन आठवडे ब्रेक लागतोही. पण ऑइल लायनरच्या आत मुरलेलं असतं, ब्रेक तापला की पुन्हा वर येतं. माणूस ट्रॉली घेऊन उतारावर असताना ते वर आलं तर जिवावर बेतेल. चिंब लायनर फेकायचाच.

गोळ्यांच्या चकत्या धुतल्या आणि उन्हात नेऊन तिरप्या धरल्या. खळग्याचा उतार गुळगुळीत हवा, वरपासून खालपर्यंत एकसारखा. आमच्या उजव्या जोडीत प्रत्येक खळग्याच्या तळाशी गोळीने स्वतःचं घर केलं होतं, अगदी तुरीच्या दाण्याएवढी खाच. बोटाने गोळी उतारावर ढकलून पाहिली तर ती वर चढायची आणि परत येताना त्या खाचेच्या काठाला अडायची. म्हणजे पाय उचलला तरी चकत्या पूर्ण मिटत नव्हत्या. स्प्रिंगाही ताणून लांबलेल्या होत्या; डाव्या बाजूच्या स्प्रिंगेशेजारी ठेवल्यावर फरक नुसत्या डोळ्यांना दिसला. पन्नास वर्षांची झीज आहे ती, आणि उजवीकडे जास्त, कारण आमच्या बागेत ओळींची मांडणी अशी की वळणं बहुतेक उजवीकडेच.

खाच पडलेल्या चकत्या घासून वापरू नका. घासल्याने उताराचा कोन बदलतो आणि ब्रेक एकदम जाम धरतो. जोडी नवी घ्या, गोळ्या नव्या, स्प्रिंगा नव्या. शाफ्टच्या स्प्लाइनवरही बोट फिरवा. लायनर प्लेट जिथे बसते तिथे पायरी पडली असेल तर प्लेट सरकत नाही, अडकते. आमच्याकडे हलकी पायरी होती, ती कानसीने मोडली. स्प्लाइनला ग्रीस लावायचा मोह आवरा. ते ग्रीस फेकलं जाऊन लायनरवरच येतं.

शाफ्ट आणि लेथ

सील काढल्यावर शाफ्टच्या ज्या पट्ट्यावर त्याचा ओठ चालतो तिथे नख आडवं फिरवा. नख अडलं तर खाच आहे, आणि कितीही महागाचं सील आणलं तरी ते तिथे धरणार नाही. तिसऱ्या वेळी हीच खाच काढायला शाफ्ट लेथवर दिला होता. खाच गेली होती. तरीही गळालं.

या वेळी मी तो शाफ्ट एका म्हाताऱ्या मिस्त्रीकाकांकडे घेऊन गेलो. त्यांनी चष्मा वर सारला, शाफ्ट खिडकीकडे धरून हळूहळू फिरवला आणि म्हणाले, "याच्यावर आटे हायेत भाऊ. बारीक हायेत, पन हायेत. शाफ्ट फिरला का ऑइल बाहेर ढकलतेच." मग मलाही दिसलं. लेथच्या टूलने ओढलेल्या बारीक तिरप्या रेषा, स्क्रूच्या आट्यांसारख्या. शाफ्ट फिरतो तेव्हा त्या रेषा ऑइलला सीलखालून बाहेर वाहून नेतात. ज्या दिशेला फिरताना बाहेर नेतात, नेमकी ती पुढे जायची दिशा होती.

काकांनी दोन वाटा सांगितल्या. एक, त्या पट्ट्यावर हार्ड क्रोम चढवून ग्राइंडिंग करायचं, चाक सरळ आत नेऊन, आडवं न सरकवता, म्हणजे तिरपी रेषा उरत नाही. दुसरी, पातळ पोलादी बाही बसवायची, जी खाचेवरून चढते आणि सीलला नवा गुळगुळीत पृष्ठभाग देते. आमच्या मापाची बाही मिळाली नाही म्हणून ग्राइंडिंग केलं. वेळ कमी असेल आणि शाफ्टवर फक्त खाच असेल, आटे नसतील, तर सील दोन मिलिमीटर आत किंवा बाहेर बसवून ओठ कोऱ्या पट्ट्यावर आणता येतो. सीलच्या घरात तेवढी जागा आहे का ते आधी मोजा.

त्यांचा दुसरा प्रश्न होता, "बेअरिंग पायलं काय?" पाहिलं नव्हतं. शाफ्ट बसलेला असताना टोक धरून वरखाली हलवलं तर ठक असा हलका आवाज आला. बेअरिंग ढिलं असेल तर शाफ्ट फिरताना झुलतो आणि सीलचा ओठ त्याच्या मागे धावू शकत नाही. बेअरिंगही बदललं. कव्हर काढताना खाली जे पातळ शिम, म्हणजे फट जुळवायच्या पत्र्याच्या चकत्या, निघतात ते ज्या बाजूचे त्याच बाजूला, त्याच संख्येने ठेवा. मी तारेत ओवून त्यावर "उजवे" अशी चिठ्ठी बांधली. शिमची गल्लत झाली तर क्राऊन-पिनियन या मागच्या मुख्य गिअरजोडीतली फट बिघडते आणि ट्रॅक्टर रडायला लागतो. नवं बेअरिंग बसवल्यावर ती फट पुन्हा मोजून घ्यायला विसरू नका.

सील बसवताना स्प्रिंगची बाजू ऑइलकडे. हे सगळ्यांना माहीत असतं, तरी उलटं बसलेलं सील मी दोनदा पाहिलंय. ओठाला आधी बोटभर ग्रीस, नाहीतर पहिल्या मिनिटालाच कोरडा ओठ जळतो. स्प्लाइनवरून सील सरकवताना तिथे पातळ प्लास्टिकची पट्टी गुंडाळा. स्प्लाइनच्या धारेने ओठ कापला जातो आणि ते डोळ्यांना दिसतही नाही. बाहेरून हातोडी थेट मारू नका, सीलच्या मापाचा पाइप लावून गोलाकार ठोका. मी नायट्राइलऐवजी व्हायटॉनचं सील घेतलं. ते दोनशे अंशांच्या आसपासपर्यंत तग धरतं. पण चिकटता ब्रेक दुरुस्त न करता नुसतं व्हायटॉन लावलं तर दुखणं झाकलं जाईल, जाणार नाही.

मागचा भाग उघडलाच आहे तर

ऑइल काढताना बूचाच्या तळाशी काय साठलंय ते बोटांत चोळा. बारीक राखाडी लुकण असेल तर ती नेहमीची झीज. टोचणारे तुकडे किंवा चकाकणाऱ्या पापड्या असतील तर गिअरच्या दातांचं पोपडं निघतंय आणि ते आत्ताच पाहायला हवं. आमच्याकडे नुसतं लुकण होतं. डिझेलने हौसिंग धुऊन रात्रभर निथळू दिलं, मग एसएई ९० गिअर ऑइल भरलं, खुणेपर्यंत आणि खुणेवर थांबलो. जुन्या गिअरबॉक्सात पितळी बुश असतील तर जीएल-५ ऐवजी जीएल-४ दर्जाचं ऑइल घ्या. जीएल-५ मधली गंधकाची रसायनं पितळ खातात.

क्लचचं थोडक्यात. क्लच हौसिंगच्या तळाला एक छिद्र असतं, ते चिखलाने बुजलेलं असेल तर मोकळं करा. तिथून ठिबकणारं ऑइल कुठलं आहे हे त्याच कागदाच्या युक्तीने कळतं: इंजिनचं निघालं तर क्रँकचं मागचं सील, गिअरचं निघालं तर इनपुट शाफ्टचं. क्लच पेडलला मोकळी चाल ठेवा. पेडलवर सतत पाय टेकवायची सवय रिलीज बेअरिंग खाते. आमच्या पोराला मी हे अजून सांगतोच आहे.

जुळवणी आणि चाचणी

दोन्ही पेडलना सारखी मोकळी चाल हवी. मी साधारण एक इंच ठेवली, पट्टी लावून मोजून, आणि चाक हाताने मोकळं फिरतंय याची खात्री करून मगच नट लॉक केला. नवे लायनर पहिल्या दिवशी जोरात वापरायचे नाहीत. रिकाम्या ट्रॅक्टरने सावकाश दहा-पंधरा वेळा थांबवून ते बसू द्यायचे.

खरी चाचणी कोरड्या मातीच्या वाटेवर. दोन्ही पेडल कडीने जोडा, तिसऱ्या गिअरला सरळ चालवा, क्लच आणि ब्रेक एकदम दाबा. उतरून मागच्या चाकांच्या घसटीचे पट्टे मोजा. पहिल्या खेपेला आमचा डावा पट्टा साडेचार हात आणि उजवा साडेतीन. डावा नट अर्धा फेरा सैल केला. दुसऱ्या खेपेला दोन्ही चार हातांच्या आसपास आले आणि ट्रॅक्टर सरळ रेषेत थांबला.

कडीचं आणखी एकदा सांगतो, कारण यात माणसं जातात. बागेत वळण्यासाठी पेडल सुटे लागतात. बागेबाहेर पडताना, रस्त्यावर, आणि मागे ट्रॉली असताना ते जोडलेलेच हवेत. वेगात एकाच बाजूचा ब्रेक लागला तर ट्रॅक्टर त्या चाकाभोवती फिरतो आणि मागची ट्रॉली त्याला ढकलून उलथवते. आमच्या धुऱ्याजवळच्या फाटकावर मी लाल रंगाने "कडी" एवढाच शब्द लिहून ठेवलाय.

दहा तास काम झाल्यावर पुन्हा पाण्याचे थेंब टाकून पाहिले. दोन्हीकडून ओघळून गेले. त्यानंतर दोन पावसाळे झाले. दर महिन्याला उजव्या हौसिंगच्या खालच्या सांध्यावरून बोट फिरवतो, बोटाला लागते ती फक्त धूळ. ब्रिदर दर फवारणीच्या हंगामानंतर काढून डिझेलमध्ये टाकतो. डाव्या बाजूच्या चकत्यांमध्येही आता गोळीची खूण उमटायला लागली असणार. आंबिया बहाराची तोडणी आटोपली की ती बाजू उघडायची आहे, गळायची वाट न पाहता.